हिल्डा ऑग्डेन आणि स्टॅनचा चष्मा: आवरलेल्या रडण्याचा एक प्रकरण अभ्यास

नोव्हेंबर १९८४. ब्रिटनमधल्या ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या 'कोरोनेशन स्ट्रीट' या मालिकेत स्टॅन ऑग्डेनचा अंत्यविधी होतो. त्याची बायको हिल्डा चारचौघांत रडत नाही. सगळं उरकून घरात एकटी उरल्यावर ती दवाखान्यातून आलेलं खाकी कागदाचं पुडकं सोडायला घेते. त्यात स्टॅनच्या वस्तू असतात. चष्म्याचं घर हाती लागतं, ती ते उघडते आणि मग मात्र तिला आवरत नाही. प्रसंगात सांगण्यासारखा एकही संवाद नाही.

ब्रिटिश टीव्हीवरच्या शोकाची चर्चा निघाली की हा प्रसंग हमखास पुढे येतो. हिल्डाचं काम करणाऱ्या जीन अलेक्झांडर यांना त्या काळातल्या कामासाठी रॉयल टेलिव्हिजन सोसायटीचा उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कारही मिळाला. लोकांच्या लक्षात राहतो तो चष्मा. पटकथा लिहिणारे आणि मालिका बसवणारेही चष्माच उचलतात, तशीच एखादी वस्तू शोधतात, पात्राच्या हातात देतात आणि प्रसंग पडला की चक्रावतात. चष्म्याने जे साधलं त्याची तयारी चष्मा दिसण्याआधीच झाली होती. काही त्या भागात, काही त्याआधीच्या वीस वर्षांत आणि काही निर्मात्यांपुढे आलेल्या अडचणीतून. ती तयारी इथे उलगडून पाहायची आहे.

जोडपं

'कोरोनेशन स्ट्रीट' ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली. टोनी वॉरन यांनी ती निर्माण केली. मँचेस्टरजवळच्या सॉलफर्डच्या धर्तीवर वेदरफील्ड नावाचं काल्पनिक गाव आणि त्यातली एकाला एक भिंती लागून असलेल्या विटांच्या घरांची एक गल्ली, एवढाच तिचा पसारा. ऑग्डेन जोडपं या गल्लीत १९६४ मध्ये १३ नंबरच्या घरात राहायला आलं. स्टॅन म्हणजे बर्नार्ड युएन्स. आडदांड देहाचा, कामाचा कंटाळा करणारा, खिडक्यांच्या काचा पुसण्याचा धंदा असलेला आणि कमाई बिअरमध्ये घालवणारा. हिल्डा किडकिडीत, तोंडाळ, उचापती, केसांत कर्लर आणि वर रुमाल बांधून 'रोव्हर्स रिटर्न' या पबमध्ये साफसफाई करणारी. काम करताना ती उंच, थरथरत्या आवाजात गायची आणि सगळी गल्ली वैतागायची. घरातल्या एका भिंतीवर डोंगरांचं मोठं चित्र चिकटवलेलं आणि त्यावर उडती तीन चिनीमातीची बदकं. ही भिंत तिचं भूषण होती आणि प्रेक्षकांच्या हसण्याचा विषयही.

वीस वर्षं या दोघांचा वापर मुख्यतः विनोदासाठी झाला. ती बोलणार, तो ऐकून न ऐकल्यासारखं करणार. प्रेमाची कबुली जवळजवळ नाहीच. १९७७ मध्ये त्यांना एका चांगल्या हॉटेलात रात्र घालवायची संधी मिळते, तेव्हा क्षणभर दोघांमधला ओलावा दिसतो आणि लगेच झाकलाही जातो. कथेप्रमाणे त्यांचं लग्न १९४३ चं, युद्धाच्या काळातलं, म्हणजे स्टॅन गेला तेव्हा संसाराला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती.

हे सगळं या प्रकरणात का मोजायचं? कारण हिल्डाचं स्टॅनवर प्रेम आहे हे मालिकेने प्रेक्षकांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते भांडणांमधून स्वतः ताडलं होतं. रोज कुरकुर करत त्याच्यासमोर चहा ठेवणारी बाई त्याच्यावर जीव टाकते, हे प्रेक्षकाने आपल्या मनाशी जमवलेलं असतं. अंत्यविधीनंतरच्या प्रसंगात लेखकाला नवं काहीच सिद्ध करावं लागलं नाही. जमा झालेलं फक्त एकदा बाहेर काढायचं होतं.

निर्मात्यांपुढची अडचण

बर्नार्ड युएन्स बरेच दिवस आजारी होते. १९८४ च्या वसंतानंतर ते पडद्यावर दिसले नाहीत आणि २७ ऑगस्ट १९८४ ला त्यांचं निधन झालं. मालिकेसाठी तो काळ एकूणच वाईट होता. एना शार्पल्स साकारणाऱ्या व्हायोलेट कार्सन डिसेंबर १९८३ मध्ये गेल्या, अल्बर्ट टॅटलॉक साकारणारे जॅक हॉवर्थ मार्च १९८४ मध्ये गेले, एल्सी टॅनरचं काम करणाऱ्या पॅट फीनिक्स यांनी त्याच वर्षाच्या सुरुवातीला मालिका सोडली.

अशा वेळी चालू मालिकेपुढे तीन वाटा असतात. दुसरा नट घेणं, पात्राला कुठेतरी लांब पाठवून देणं किंवा पात्राचाही मृत्यू दाखवणं. वीस वर्षं घरोघर पाहिलेल्या चेहऱ्याच्या जागी दुसरा चेहरा लोकांनी स्वीकारला नसता. स्टॅन घर सोडून गेला असं दाखवलं असतं तर हिल्डाच्या संसाराची अख्खी गोष्ट खोटी ठरली असती. तिसरी वाट घेतली गेली आणि ती घाईने घेतली गेली नाही. नट ऑगस्टच्या शेवटी गेला आणि पात्र नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात स्टॅन आजारी म्हणून पडद्याआड राहिला.

इथे एक पेच होता आणि आमच्या मते सगळ्या प्रसंगाची किल्ली त्यातच आहे. मरणारा माणूस दाखवताच येणार नव्हता. बिछान्याशेजारचा निरोप नाही, शेवटचे शब्द नाहीत, हातात घेतलेला हात नाही. शोकप्रसंगातली नेहमीची सगळी हत्यारं काढून घेतलेली. स्टॅनच्या देहाशी कॅमेऱ्याचा संबंधच उरला नव्हता, उरल्या होत्या त्या त्याच्या वस्तू. पुडक्यावर सगळा भार आला तो असा. लेखक मोकळा असता तर बहुधा दवाखान्यातला एक प्रसंग लिहिला गेला असता, आणि तो बऱ्यापैकी सामान्य झाला असता.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांच्या बाजूची. युएन्स गेल्याची बातमी त्यांना आधीच ठाऊक होती. त्यामुळे 'आता काय होणार' हा प्रश्न संपला होता आणि 'हिल्डा हे कसं सोसणार' एवढाच उरला होता. सोप ऑपेराचा, म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेचा, भाग सहसा एखाद्या टांगत्या प्रश्नावर संपवतात, म्हणजे बुधवारी पाहणारा सोमवारी परत येतो. त्या वेळी ही मालिका आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि बुधवारी लागायची. चष्म्याच्या प्रसंगात मात्र पुढचा प्रश्नच नाही. पाहणाऱ्याला पळून जायला वाट नाही, कारण कथानकात काहीच लोंबकळत ठेवलेलं नाही.

कुणासमोर रडायचं आणि कुणासमोर नाही

इंग्रज माणूस भावना दाखवत नाही, हे वाक्य इतक्यांदा म्हटलं गेलंय की त्यातले फरक पुसले गेलेत. जुन्या ब्रिटिश मालिका लक्ष देऊन पाहिल्या तर दुःख आवरण्याची कारणं वर्गागणिक वेगळी दिसतात, आणि ती न ओळखता केलेला आवरलेला अभिनय नुसता थंड दिसतो.

लंडन वीकेंड टेलिव्हिजनची 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' (१९७१ ते १९७५) घ्या. वरच्या मजल्यावरचे मालक आणि खालच्या मजल्यावरचे नोकर यांची ती गोष्ट. तिच्या तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला, १९७३ मध्ये, घरची मालकीण लेडी मार्जरी टायटॅनिकवर बुडते. तिचा नवरा रिचर्ड बेलामी खासदार आहे. त्याचं दुःख संयमात, कामात आणि सभ्य वाक्यांत दडलेलं राहतं. मोडून पडते ती मार्जरीची दासी रॉबर्ट्स. ती वाचलेली असते आणि बाईसाहेबांच्या दागिन्यांची पेटी छातीशी धरून घरी येते. पेटी सोडायला ती तयार होत नाही. वरच्या मजल्यावर जे मोकळेपणी दाखवता येत नाही ते खालच्या मजल्यावरच्या बाईच्या शरीरातून बाहेर येतं. शोक नोकराकडे सोपवला जातो आणि मालकाचं आवरणं शाबूत राहतं. बेलामीच्या बाबतीत हे पदाचं आणि शिस्तीचं बंधन आहे. बटलर हडसनच्या बाबतीत नोकरीचं. तो ढळला तर खालचं सगळं घर ढळेल, म्हणून तो ताठ उभा राहतो.

हिल्डाकडे पदही नाही आणि सोपवायला नोकरही नाही. तिचं आवरणं शेजाऱ्यांसाठी आहे. एका भिंतीचं अंतर असलेल्या घरांच्या गल्लीत कुणाचं काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिथे इभ्रत म्हणजे आपलं मोडकळीला आलेलं दुसऱ्याला दिसू न देणं. उत्तर इंग्लंडच्या कामगार वस्त्यांमध्ये अंत्यविधी नीट होणं हा मोठा अभिमानाचा विषय होता. त्यासाठी आठवड्याला काही पेन्स भरून विमा काढून ठेवायचे, कारण सरकारी खर्चाने पुरलं जाणं ही घराण्याची नामुष्की मानली जायची. त्या दिवशी पडदे ओढायचे, शेजारी दारात उभे राहायचे, परतल्यावर आलेल्यांना हॅमचे सँडविच आणि चहा द्यायचा. हिल्डाला वीस वर्षं गल्लीने हसण्यावारी नेलं होतं. आज तरी कुणाला तिची कीव करायची संधी मिळू नये, एवढा तिचा हट्ट समजला की दिवसभराचं कोरडं वागणं आपोआप उलगडतं.

मराठी प्रेक्षकाला इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी लागते. दहावं, बारावं, तेरावं, भेटायला येणारी माणसं आणि प्रत्येकासमोर पुन्हा येणारं रडू, असं पुढचं वेळापत्रक हिल्डाकडे नाही. चहा झाला, माणसं गेली की समाजाच्या लेखी शोक संपला. हा लेखकाने शोधलेला एकटेपणा नव्हता. पहिल्या महायुद्धात इतकी माणसं मेली, आणि त्यांना जिथे पडली तिथेच पुरायचं सरकारी धोरण असल्याने घरी प्रेतही आलं नाही. त्यानंतर व्हिक्टोरियन काळातले सुतकाचे काळे कपडे आणि दीर्घ विधी ब्रिटनमध्ये झपाट्याने मागे पडले. जेफ्री गोरर या मानववंशशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये देशभरातल्या नुकत्याच जवळचं माणूस गमावलेल्यांची पाहणी केली आणि १९६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंत्यविधीनंतर कसं वागायचं याचं काहीच मार्गदर्शन लोकांकडे उरलेलं नाही आणि दुःख दाखवणं म्हणजे मनाचा दुबळेपणा समजला जातो, असं त्याचं म्हणणं होतं. हिल्डाचं पुडकं उघडलं जातं ते नेमकं त्या रिकाम्या जागेत.

चष्माच का

स्टॅनच्या ओळखीच्या वस्तू अनेक होत्या. खिडक्या पुसायची बादली, शिडी, बिअरचा ग्लास. यातली कुठलीही लेखकाला घेता आली असती आणि प्रत्येक वेळी प्रसंग बिघडला असता. बादली आणि ग्लास म्हणजे विनोदाचं सामान. ते पाहून प्रेक्षकाला आधी जुने विनोद आठवतात, हसू आणि हुंदका एकमेकांत अडकतात आणि पात्रापेक्षा मालिकेलाच श्रद्धांजली वाहिल्यासारखं होतं.

चष्मा वेगळा. एक तर तो खासगी. दुसरं, त्याचा नंबर एकाच माणसाच्या डोळ्यांचा असतो, म्हणून तो इतरांच्या कामाचा नाही. कोट कुणाला देता येतो, बूट देता येतात, चष्म्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. काड्यांना त्या माणसाच्या कानांचा वाक आलेला असतो. माणूस दवाखान्यात जाताना बरोबर नेतो आणि तो परत आला नाही तरी चष्मा परत येतो.

यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे चष्मा त्याच्या घरात, म्हणजे डबीत, असतो. बंद डबी ही नुसती वस्तू आहे. ती हातात घेऊन हिल्डा अजून तोल सांभाळू शकते. उघडणं ही स्वतंत्र कृती आहे आणि ती तिने स्वतः करायची आहे. म्हणजे प्रसंगाला आपोआप तीन पायऱ्या मिळतात: पुडकं सोडणं, घर सापडणं, घर उघडणं. प्रत्येक पायरीवर ती थांबू शकली असती. प्रेक्षकाला दुसऱ्या पायरीवरच कळतं की आत काय आहे, आणि तिलाही. उघडू नको असं वाटत असतानाच ती उघडते. उघडी वस्तू, म्हणजे टोपी किंवा पाइप, पुडक्यातून एकदम समोर आली असती तर हा मधला श्वास मिळाला नसता. धक्का बसला असता, पण धक्का हा या प्रसंगाचा सूर नाही.

आणि हात. हिल्डा सफाई करणारी बाई आहे. तिचे हात रिकामे असे दिसतच नाहीत. पुडकं सोडणंही तिच्यासाठी आवराआवरीतलं एक कामच आहे. दिवसभर तिला कामांनी धरून ठेवलं, आणि हे शेवटचं काम तिच्यावर उलटलं. जीन अलेक्झांडर यांच्या अभिनयातली जाण इथे दिसते. त्या रडण्याच्या तयारीने बसत नाहीत, पुडकं सोडायला बसतात. ज्या आवाजावर हिल्डाची सगळी ओळख उभी होती, तो चिरका, गाणारा आवाजही इथे वापरायला नाही. विनोदी पात्राचं सगळ्यात भक्कम हत्यार बाजूला ठेवायला मोठा आत्मविश्वास लागतो.

असा प्रसंग स्टुडिओत बसवताना

त्या काळी ब्रिटिश मालिका बहुतेक करून स्टुडिओत, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांवर व्हिडिओ टेपला रेकॉर्ड व्हायच्या. तीन भिंतींचा सेट, वर जाळीला टांगलेले दिवे, डोक्यावर लांब दांड्याला लावलेला बूम माइक, आणि वरच्या खोलीत बसलेला व्हिजन मिक्सर एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर तिथल्या तिथे जाणारा. आज बऱ्याचदा एक एक शॉट वेगळा घेऊन संकलनात जोडतात. तेव्हा प्रसंग सलग व्हायचा. नटीला रडणं तुकड्यातुकड्यांनी आणायचं नसायचं, पुडक्यापासून हुंदक्यापर्यंत एकाच ओघात जायचं असायचं. या पद्धतीत प्रसंग रंगमंचावरच्यासारखा उभा राहतो, आणि दुःख आवरण्याच्या अभिनयाला ती फार मानवते. आवरणं ही काळात घडणारी गोष्ट आहे. ते दर चार सेकंदांनी तोडलं की दिसतच नाही.

आजही कुणाला अशा सलग पद्धतीने असाच प्रसंग करायचा असेल तर अडचणी कुठे येतात ते अनुभवी माणसांना ठाऊक असतं.

पहिली अडचण कागदाची. कोरा खाकी कागद बूम माइकमध्ये फटाक्यासारखा वाजतो आणि त्याखाली नटीचा श्वास बुडून जातो. कागद आधी हाताने चुरगळून पुन्हा सपाट करायचा, टेकच्या थोडं आधी आतल्या बाजूने पाण्याचा बारीक फवारा मारायचा. पूर्ण गप्प करायचा नाही, कारण प्रसंगात तेवढाच आवाज आहे. किमान चार पुडकी सारखी बांधून तयार ठेवावीत. उसवलेलं पुडकं घाईघाईत पुन्हा बांधलं की घड्या बदलतात आणि दुसऱ्या टेकमध्ये नटीचे हात चाचपडतात.

दोरी सुती घ्यावी, नायलॉनची निसटते. गाठ खरी मारली तर सुटायला अर्धं मिनिट जाऊ शकतं, नुसतं फुलपाखरू, म्हणजे बुटाच्या नाडीसारखी सरकगाठ, केलं तर एका हिसक्यात सुटतं आणि कृती खोटी वाटते. एक साधी अर्धी गाठ आणि वर फुलपाखरू, म्हणजे दोन हालचालींत सुटेल. दहा-बारा सेकंद पुरतात. आतल्या वस्तूंचा क्रम ठरलेला हवा आणि चष्म्याचं घर सगळ्यात वर नको. वर ठेवलं तर शोधण्याची कृती जाते, अगदी तळाला ठेवलं तर प्रेक्षक वाट पाहून थकतो. एक किंवा दोन मऊ कपडे वर, मग घर. कपड्याच्या स्पर्शाने आधी एक छोटी कळ उठते आणि ती आवरली गेलेली दिसली की पुढच्याला वजन येतं.

चष्म्याच्या काचा वरच्या दिव्यांची तिरीप पकडतात. काचेवर मॅट फवारा मारू नये, चष्मा धुरकट दिसतो. नटीने चष्मा कुठल्या कोनात धरायचा ते तालमीतच ठरवावं आणि तेवढ्यापुरता वरचा एक दिवा मंद करावा.

कॅमेरे तीन पुरतात. एक खोलीभरचा, रिकाम्या खुर्चीसकट. दुसरा टेबलाच्या उंचीवर, हातांसाठी. तिसरा चेहऱ्याचा, पण कमरेच्या वरचा, गालापर्यंत नेऊ नये. हुंदका आला की बहुतेक दिग्दर्शक चेहऱ्यावर झेपावतात आणि तिथेच सगळं हातचं जातं. खरं रडणं चेहऱ्यावर उशिरा येतं. आधी श्वास अडतो, मग खांदे, मग मान खाली जाते आणि चेहरा बहुधा हातात लपतो. लपलेल्या चेहऱ्याचा क्लोज-अप घेण्यात अर्थ नाही. ग्लिसरीन घालू नये, कारण त्याचे थेंब श्वासाच्या आधी येतात आणि सराईत प्रेक्षक ते लगेच ओळखतो.

तालमीची एक शिस्त फार महत्त्वाची आहे. हातांची कृती, गाठ, वस्तूंचा क्रम, कॅमेऱ्यांच्या जागा यांची तालीम हवी तेवढी करावी. रडण्याची करू नये. तालमीत नटी चष्म्याचं घर उघडेल आणि थांबेल. नट सहकारी खरोखर गेलेला असेल, जसा इथे होता, तेव्हा तर ही काळजी दुप्पट घ्यावी. नटीचं स्वतःचं दुःख प्रसंगाला खोली देतं, पण ते पात्राच्या पुढे गेलं तर प्रेक्षक पात्राला विसरून नटीची काळजी करू लागतो. हिल्डाच्या प्रसंगात तोल टिकला, कारण त्या बाईला रडायची सवय नाही हे रडतानाही दिसत राहतं.

संगीताबद्दल एक जुना दाखला याच मालिकेतला आहे. मे १९६४ मध्ये मार्था लाँगहर्स्ट हे पात्र 'रोव्हर्स रिटर्न'च्या छोट्या खोलीत बसल्या जागी मरतं. त्या भागाच्या शेवटी एरिक स्पिअर यांची ओळखीची सुरावट न वाजवता श्रेयनामावली शांततेत सरकवली गेली. ज्या प्रेक्षकाला दर भागाच्या शेवटी त्या सुरावटीतला कॉर्नेट, म्हणजे तुतारीसारखं पितळी वाद्य, ऐकायची सवय होती, त्याला ती उणीव जाणवलीच. मृत्यूच्या प्रसंगात काय वाजवायचं याआधी काय काढून टाकायचं ते ठरवावं, हे या मालिकेच्या माणसांना तेव्हापासून कळलेलं होतं.

नक्कल कुठे फसते

वस्तू पाहून रडणारी विधवा हा आता ठरून गेलेला प्रसंग झाला आहे आणि बहुतेक ठिकाणी तो पोकळ वाटतो. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पात्र आधीच रडून मोकळं झालेलं असतं. दवाखान्यात एकदा, अंत्यविधीत एकदा, आणि मग वस्तूपाशी तिसऱ्यांदा. तिसऱ्या रडण्याला किंमत उरत नाही. पंचवीस मिनिटांच्या भागात रडण्याच्या निदान तीन संधी आणून त्या वाया घालवाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी न रडण्याला कारण म्हणून समोर एक माणूस लागतो: शेजारीण, मुलगा, पाद्री. समोर कुणीच नसताना पात्र आवरत असेल तर ते दगडी वाटतं.

दुसरी चूक वस्तूची ओळख करून देण्याची. आधीच्या भागात 'माझा चष्मा कुठे गेला' असा संवाद पेरला जातो, म्हणजे नंतर तो चष्मा प्रेक्षकाला आठवावा. ही पेरणी उघडी पडते. चष्म्यासारखी वस्तू ओळख न देताच कळते. जी वस्तू समजावून द्यावी लागते ती या कामाची नाही.

तिसरी चूक सांत्वनाची. पात्र रडायला लागलं की दारातून कुणीतरी येतं आणि खांद्यावर हात ठेवतं. लेखकाला प्रेक्षकाची दया येते. हिल्डाकडे कुणी येत नाही, आणि कुणी आलं असतं तर ती पुन्हा आवरून बसली असती, कारण तिचा सगळा नियमच माणसांसमोर न रडण्याचा आहे. सांत्वन करणारा माणूस इथे प्रसंग मोडतो. ज्यांना सांत्वन हवंच आहे त्यांनी ते पुढच्या भागात ठेवावं.

चौथी गोष्ट लांबीची. हुंदका सुरू झाल्यावर वीस-पंचवीस सेकंदांच्या आत बाहेर पडावं, रडणं ओसरण्याआधी. डोळे पुसून उठणारी बाई दाखवली की प्रेक्षकाला सुटका मिळते आणि पात्राचं उरलेलं दुःख पडद्यामागे संपून जातं.

पुढची तीन वर्षं

इतका मोठा प्रसंग देऊन पात्राला बाजूला सारण्याचा मोह चालू मालिकेत नेहमी होतो. इथे हिल्डा आणखी तीन वर्षं राहिली. पबातली साफसफाई, भिंतीवरचं चित्र, शेजाऱ्यांच्या चौकशा, सगळं चालू. फरक एवढाच की आता तिच्या बोलण्याला घरात ऐकणारं कुणी नव्हतं. मालिकेने तिला नवा नवरा मिळवून दिला नाही, दुःखावर वेगळा धडाही काढला नाही. १९८७ च्या नाताळच्या दिवशी ती एका डॉक्टरचं घर सांभाळायला डर्बीशरला निघून गेली आणि जीन अलेक्झांडर यांनी मालिका सोडली. तो भाग अडीच कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. निरोपाला पबातली सगळी मंडळी जमलेली होती आणि हिल्डा त्यांच्यासमोर गायली.